कोशबाईंचं मत

इंग्रजीच्या बाईंना सगळी गल्ली कोशबाई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. चुकीची म्हण कानावर पडली की त्यांना दम निघत नसे. एकदा डॉक्टर दंडात सुई टोचत असताना बाईंनी त्यांचीच इंग्रजी म्हण दुरुस्त केली. सुई जरा जास्तच खोल गेली, असं त्या स्वतःच सांगत.

त्या दिवशी मात्र बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाषांतर कचेरीच्या नोकरभरती परीक्षेतल्या एका प्रश्नावर हरकत आली होती आणि तज्ज्ञ म्हणून बाईंचं मत पाचच्या आत हवं होतं. प्रश्न केकच्या म्हणीचा. केक राखायचाही आणि खायचाही, दोन्ही जमत नाही; पण इंग्रजीत आधी राखणं म्हणायचं की आधी खाणं? परीक्षेने 'आधी राखणं' एवढंच बरोबर धरलं होतं. बाईंनीही जन्मभर तेच शिकवलं, दुसरं लिहिणाऱ्यांचे कान उपटले. आणि आता चार जाडजूड कोश उघडले, तर दुसरी रीतही तितकीच बरोबर. वर जास्त जुनी!

बरं, जागा चाळीस. तात्पुरत्या यादीत चाळिसावी बाईंची भाची, चार वर्षं त्यांच्याच घरी राहून शिकलेली, मावशीने पढवलं तेच लिहून आलेली. दुसरं उत्तर मान्य झालं की मागचे बरेच जण तिच्या पुढे जाणार. दुसऱ्या कोणाला विचारा म्हणावं, तर दुसरा तज्ज्ञ बाईंचाच विद्यार्थी. तो बाईंचीच री ओढणार. इकडे आड, तिकडे विहीर. चहा उतू गेला, तो पुसायचंही भान राहिलं नाही. साडेचारला त्यांनी 'दोन्ही बरोबर' लिहून सही केली आणि मन फिरायच्या आत धावतपळत कागद कचेरीत देऊन आल्या.

घरी भाची नोकरीसाठी घेतलेल्या नव्या कपड्यांना इस्त्री करत होती.

"तुझं नाव यादीतून जाईल," बाई दारातूनच म्हणाल्या. "मीच लिहून दिलंय. दुसरंही उत्तर बरोबर आहे."

भाचीने इस्त्री उभी ठेवली. "नक्की?"

"चार कोश पाहिले."

"आणि मला चार वर्षं एकच पढवलंस."

"चुकलं माझं. ओरड, भांड माझ्याशी."

"कशी भांडू, मावशी? आज तू खोटं लिहिलं असतंस, तर भांडता तरी आलं असतं."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.