नुसतं आडनाव, मुक्काम सोलापूर

आलेलं टपाल आम्ही रोज संध्याकाळपर्यंत वाटून मोकळे व्हायचो. पिशवी हलकी व्हायची. पण कुठलं पत्र कुणाकडं कसं पोचलं, वाटेत काय घडलं, त्या गोष्टी आमच्याबरोबर घरी यायच्या. त्या काही कुणी सही करून ताब्यात घेत नाही! मग साचतात. माझ्याकडं साचलेल्या बहुतेक गोष्टी आडनावांच्या आहेत, कारण तेव्हा पत्त्यात दुसरं काही नसायचंच. वर एक आडनाव, खाली 'सोलापूर'. बस्स! पुढचं टपालखात्यानं बघावं.

हे सगळं एकोणीसशे तीसच्या आगेमागं. मी नवा पोस्टमन. पत्रं लावायला सिद्रामप्पा अण्णा बसायचे. कानडी बोलणारं माणूस, पण मराठी तुमच्या-आमच्यापेक्षा झणझणीत. कुठलं आडनाव कुठल्या पेठेत, किती घरं, कुठल्या गावाहून आलेली, सगळं त्यांना तोंडपाठ. वाटायला आम्ही तिघं. विणकरांच्या वस्तीत नरसय्या, तो स्वतः तेलंगी विणकराचा. बाजाराकडं दस्तगीरचाचा. आणि बाकीचं गाव माझ्याकडं.

*

नवे पोस्टमास्तर पुण्याहून आले. आडनाव गोडबोले. पण आल्या दिवशीच त्यांनी आवाज असा चढवला, की आडनावाची अब्रूच गेली!

"हे बघा! 'पाटील, सोलापूर'! या गावात पाटील आहेत तरी किती?"

अण्णा म्हणाले, "मोजले न्हाईत सायेब. पर कावळ्यांपरीस दोन-चार कमीच असतील."

"मग कुणाला देणार हे कार्ड? पाठवून द्या डेड लेटर ऑफिसला!"

मालक न सापडलेली पत्रं जिथं जाऊन पडायची, ती ही कचेरी. अण्णांना या तीन शब्दांचा भारी राग. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि माझ्यापुढं टाकलं. "शंकर, शुक्रवार पेठेतली तालीम. शिक्का मंगळवेढ्याचा. शेवटाला लिवलंय, 'दूध पीत जा, मारामाऱ्या करू नको.' मंगळवेढ्याकडचा, तालमीत उतरलेला पाटील एकच हाय."

साहेब ताडकन म्हणाले, "तुम्ही लोकांची कार्डं वाचता?"

"वाचत न्हाई सायेब. दिसतं!"

मी तालमीत गेलो. कुस्तीच्या हौद्यातनं एक दांडगा गडी तांबड्या मातीनं माखलेला वर आला. कार्ड बघितलं आणि म्हणाला, "आईचं हाय!" कपाळाला लावलं. कार्डही तांबडं, कपाळही तांबडं!

*

साहेब हार मानणारे नव्हते. त्यांनी हुकूम काढला, की नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, त्यावरून पत्रं खणांत लावायची.

दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी एक खण फुगून फुटायला आला. आत बघतो तर राजय्या, मल्लय्या, लिंगय्या, व्यंकय्या! अख्खी विणकर वस्ती एकाच खणात कोंबलेली!

साहेबांनी नरसय्याला बोलावलं. "तुमच्या लोकांना आडनावं नाहीत काय?"

नरसय्या शांत माणूस. म्हणाला, "हायेत की सायेब. पर तुमच्यात माणूस पुढं, घर मागं. आमच्यात घर आदी, मग माणूस. घरच नसंल तर माणूस कुटनं येतंय?"

दुसऱ्या दिवशी हुकूम फिरला. आणि त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर त्यांचं खासगी टपाल नरसय्यानं आणून ठेवलं. ठेवताना अदबीनं म्हणाला, "गोडबोले विनायकय्या, तुमचं पत्र!"

*

कापसाचे एक दलाल पार्सल सोडवायला यायचे होते. आडनाव हत्ती. साहेबांनी मुद्दाम खुर्ची भक्कम आहे का बघून ठेवली. आला तो माणूस म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धोतर! काठीसारखा!

साहेबांना हसू आवरेना. "तुम्ही हत्ती?"

"व्हय की. तुमच्या मराठीत हत्ती झुलतो. आमच्या कानडीत हत्ती म्हंजे कापूस. तीन पिढ्या कापसातच हाय आमी."

"अस्सं! मग कानडीत हत्तीला काय म्हणता?"

"आने."

"आणे? पैशातले आणे?"

पार्सल काखेत मारून दलाल निघाले. जाता जाता म्हणाले, "तर वो! तुमच्या सोळा आन्यांचा रुपया हुतो. आमच्या सोळा आन्यांचा कळप हुतो!"

*

कानडीवरून माझीही एकदा जिरली. अक्कलकोटच्या बाजूला एका खेड्यात तिथला पोस्टमन आजारी, म्हणून मला धाडलं. एकच पत्र, 'माने' नावाचं. मला तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता.

पहिल्याच दारात विचारलं, "माने?"

म्हातारबुवा खूश होऊन म्हणाले, "हौदु, मने!" पत्र हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं.

दुसऱ्या दारात बाई म्हणाली, "हौदु, इदे मने!" तिसऱ्यात तेच. चौथ्यात तेच. मला वाटलं, गावच मान्यांचं! पण पत्र कुणीच ठेवून घेईना. सातव्या दारापाशी मी घाम पुसत बसलो, तेव्हा मागं उभा असलेला एक टोपीवाला म्हणाला, "अहो, कानडीत मने म्हणजे घर. तुम्ही प्रत्येकाच्या दारात उभं राहून 'घर?' विचारताय. ते बिचारे सांगतायत, 'होय, हेच घर!'"

"मग या गावात माने कुठं आहेत?"

"मीच की! शाळेत मास्तर आहे. गावभर माझ्या नावानं ओरडताय, म्हणून केव्हाचा मागं मागं फिरतोय!"

*

स्टेशनाजवळ एक खाणावळ होती. मालकाचं आडनाव उपासे! पाटीवर मोठ्या अक्षरात 'उपासे यांची खाणावळ'. गोडबोले साहेबांचं बिऱ्हाड अजून पुण्यालाच, म्हणून ते तिथं जेवायचे. एकदा मी बरोबर होतो.

साहेब म्हणाले, "अहो उपासे, ते आडनाव तरी बदला. पाटी वाचून गिऱ्हाईक पळेल."

उपासे भाकरी वाढत होते. हात थांबला. "सायेब, मोठा दुष्काळ पडला तवा आमच्या पणज्यानं धान्याचं पेव उघडलं आन् गावाला वाटलं. घरात खायाला उरलं न्हाई. कुणी इचारलं, 'जेवला का?' तर म्हणायचा, 'आज उपास हाय.' रोजच उपास! लोकांनी वळखलं, आन् नाव पाडलं. त्यो उपाशी ऱ्हायला म्हणून गाव जेवला. असलं नाव सोडू व्हय?"

एरवी एक भाकरी खाऊन उठणाऱ्या साहेबांनी त्या दिवशी स्वतः ताट पुढं केलं. "उपासे, अजून एक वाढा."

*

दस्तगीरचाचांची गोष्ट मात्र त्यांनीच सांगावी. ते आता नाहीत, म्हणून मी सांगतो.

एक रजिस्टर पत्र आलं. 'सौ. कमल वाघमोडे'. खाली पेठेचं नाव. त्या पेठेत वाघमोडे नावाचं घरच नव्हतं. साहेबांनी लगेच ते तीन शब्द उच्चारले. अण्णा म्हणाले, "थांबा. 'सौ.' लिवलंय. म्हंजे लग्न झालंय. लग्न झालं तर आडनाव फिरलं. हे म्हायेरचं नाव हाय. चाचा, त्या पेठेत गेल्या उन्हाळ्यात कुणाकडं नवी सून आली?"

चाचा म्हणाले, "शेळके के घर में आई."

चाचा शेळक्यांच्या दारात गेले. सासूबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. सासरे आत बाजेवर. ओसरीवर शेजारच्या दोन बायका.

"अम्मा, वाघमोडे के नाम का रजिस्टर है. दस्तखत होना."

सासूबाईंनी वर न बघता सांगितलं, "हितं कुणी वाघमोडे न्हाय. हितं समदी शेळके हायेत!"

चाचा तिथून हलेनात. मोठ्यानं म्हणाले, "नक्को बोले तो वापस जाता. सरकारी लिफाफा है. एक बार वापस गया तो फिर नै आता."

आतनं भांडं पडल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ, "हाय! हितं एक हाय!"

सून बाहेर आली. हाताला पीठ, डोक्यावरचा पदर घसरलेला. सासूकडं न बघता ती चाचांपुढं बसली. हात पदराला पुसले, टाक घेतला आणि सावकाश सही केली. कमल वाघमोडे. अक्षर असं, की चाचा म्हणायचे, "हमारे साब का भी वैसा नै!"

लिफाफा फोडला. लग्नाआधी तिनं माहेरच्या नावानं परीक्षा दिली होती, पास झाली होती, पण त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. पत्र होतं मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमणुकीचं.

तिनं ते उठून उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. ओसरीवरच्या बायका माना पुढं काढून ऐकत होत्या. सासूबाईंच्या सुपातले तांदूळ तसेच. बाजेवरून सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "शाळा कंच्या वक्ताला भरती?"

"अकराला."

"मग सकाळच्याला भाकरी कोण थापणार, ते तुज्या सासूला इचार."

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. चाचांकडं बघून म्हणाल्या, "बघत काय उबा ऱ्हायलास? मी थापीन की! अन् जाताना गल्लीत सांगत जा, शेळक्यांची सून मास्तरीण झाली म्हणून!"

चाचा गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत गेले. "मास्तरीन हुई! शेळके की वाघमोडे, मास्तरीन हुई!"

*

आता शेवटचं. एके दिवशी रंगूनचा शिक्का असलेला लिफाफा आला. थकल्या हातानं लिहिलेला पत्ता: 'गेज्जी चनबसप्पा यांच्या वंशातला जो कोणी हयात असेल त्यास. सोलापूर.'

साहेब म्हणाले, "हा पत्ता आहे की श्राद्धाचा संकल्प?"

अण्णांनी आठ दिवस मागून घेतले. गेज्जी म्हणजे कानडीत घुंगरू. पण सोलापुरात या आडनावाचं एकही घर अण्णांना ठाऊक नव्हतं. असं पहिल्यांदाच झालं. नरसय्यानं विणकर वस्ती विचारून काढली. चाचांनी बाजार पालथा घातला. मी गिरण्यांच्या दारात उभा राहिलो. नाही म्हणजे नाही! अण्णांचं जेवण कमी झालं. लिफाफा समोर ठेवून नुसते बसायचे.

आठवा दिवस बाजाराचा होता. दुपारी बाहेर घंटा वाजली. बैलावर बसलेला एक म्हातारा हेळवी कचेरीवरनं चालला होता. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या जपणारा. गावोगाव फिरतो, दारात उभा राहून तुमचे आजे-पणजे घडाघडा म्हणून दाखवतो आणि सूपभर ज्वारी घेऊन पुढं जातो. अण्णा धावत बाहेर गेले आणि बैलाची वेसणच धरली!

हेळव्याला आत आणलं. तो भिंतीला टेकून बसला. एव्हाना मला कानडी कळत होती. अण्णांनी आडनाव सांगितलं, तसे त्यानं डोळे मिटले.

"गेज्जी. मूळपुरुषाच्या बैलांच्या पायात घुंगरं असायची. गाडी वेशीबाहेर असतानाच लोक म्हणायचे, गेज्जी आला. तेच नाव पडलं. एक फांदी इंडीला, एक आळंदला. चनबसप्पाची फांदी सोलापूरला. चनबसप्पाला दोन मुलगे. थोरला दर्यापार रंगूनला गेला. धाकटा शिवलिंगप्पा इथंच राहिला. त्याचा मुलगा गुरुलिंगप्पा. बायको नीलव्वा, होटगीची. प्लेगात दोघंही एका आठवड्यात गेली. एक मुलगा मागं राहिला, तीन वर्षांचा. तो कुठं गेला ते मला कुणी सांगितलं नाही. पुढची ओळ मोकळी आहे."

अण्णांच्या हातात लिफाफा होता. तो खाली पडला.

"त्या पोराचं नाव?" अण्णांनी विचारलं.

"सिद्रामप्पा."

आम्ही सगळे अण्णांकडं वळलो. अण्णा मराठीतच बोलले. कुणाकडं बघून, ते कळलं नाही. "नीलव्वा माझ्या आईचं नाव. होटगीच्या मामानं वाढवलं मला. शाळेत घालताना मास्तरनं आडनाव इचारलं, तर मामा म्हणला, लिवा होटगीकर. मामाबी लवकर गेला. माझं असं कुणी जगात हाय, हे मला... "

नरसय्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. चाचांनी तोंड फिरवून पागोटं सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.

अण्णांनी वाकून लिफाफा उचलला, तोच साहेबांचा आवाज आला.

"थांबा! सॉर्टरनं टपाल परस्पर ठेवून घ्यायचं नसतं. नियम आहे. पत्र पोस्टमननं नेऊन द्यायचं असतं." साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. डोळे पुसत होते. "पोस्टमन!"

मी डोक्यावर टोपी घातली. पिशवी खांद्याला अडकवली. अण्णांच्या हातातनं लिफाफा घेतला, पिशवीत टाकला आणि कचेरीबाहेर गेलो. रस्त्यापर्यंत गेलो. तिथनं वळलो, पायऱ्या चढलो आणि दारात उभं राहून साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं पुकारलं,

"गेज्जी सिद्रामप्पा! रंगूनचं पत्र!"

अण्णा उठले. टोपी सारखी केली. दोन्ही हात पुढं करून म्हणाले,

"व्हय. मीच."