माणसाला नंबर देणारे खंडेराव

खंडेरावांना लग्नाला नेणं म्हणजे वत्सलाबाईंच्या जिवाला घोर असे. मुलीकडच्यांनी कौतुकाने सांगावं, "जावई कंपनीत आहेत," की हे जिलबीचा तुकडा हातात धरून विचारणार, "कंपनीत म्हणजे? नेमकं काय करतात?" उत्तर आलं की क्षणभर डोळे मिटायचे आणि बसल्या पंगतीत जावयाचा नंबर सांगून मोकळं व्हायचं. वर आणखी, "सुपरवायझर म्हणताय, पण वर्णनावरून स्टोअरकीपर वाटतात." मग घरी येईपर्यंत रिक्षात वत्सलाबाई एका टोकाला आणि खंडेराव दुसऱ्या टोकाला.

खोड नोकरीची होती. नामपूरहून आलेला हा माणूस तीस वर्षं एका सरकारी कचेरीत, बेरोजगारांची नावं नोंदवून घेण्याच्या खिडकीत बसला. समोर जाडजूड सरकारी ग्रंथ. देशातल्या यच्चयावत कामधंद्यांना त्यात नंबर दिलेले. सुतार, सोनार, विडी वळणारी, कोणी सुटलेलं नाही. खिडकीसमोर माणूस आला की काय येतं ते विचारायचं, शेवटच्या पानांवरच्या यादीत शोधायचं आणि नंबर कार्डावर लिहायचा. २००१ साली ते निवृत्त झाले, तेव्हा कचेरीने रद्दीत काढलेली त्या ग्रंथाची जुनी प्रत मागून घेऊन आले. वत्सलाबाई तिला 'तुमची पोथी' म्हणत.

सातपूरला त्यांच्या शेजारी बयाबाई राहायच्या. माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं, त्यामुळे वत्सलाबाईंच्या देवाला झेंडू-शेवंती कधी कमी पडली नाही. बयाबाईंचा मुलगा शेखर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला. २००३ च्या श्रावणात तो एका संध्याकाळी फाईल छातीशी धरून खंडेरावांकडे आला. मागोमाग बयाबाईही.

"काका, कॅनडाचं अडलंय," तो म्हणाला.

त्याचा एक जुना सोबती तिकडे गेला होता. त्याच्या कारखान्याला साचे, म्हणजे डाय, बनवणारा कारागीर हवा होता आणि सोबत्याने शेखरचं नाव सांगितलं होतं. कारखाना तयार, शेखर तयार, पण मुंबईच्या एजंटाने फाईल परत पाठवली. वर चिठ्ठी: यात तीन वेगळी माणसं दिसतात, महिन्याभरात एक करून पाठवा, नाहीतर कारखाना दुसरा माणूस बघेल.

खंडेरावांनी चष्मा लावला. अर्जावर लिहिलेलं, डाय बनवणारा कारागीर. मालकाच्या पत्रात, 'गेली नऊ वर्षे हेल्पर या पदावर'. आणि तिसरा कागद म्हणजे खुद्द त्यांच्याच कचेरीचं नोंदणी कार्ड. १९९४ पासून दर तीन वर्षांनी नूतनीकरण झालेलं. त्यावर 'अकुशल, बेरोजगार'. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून त्यांनी जवळ नेऊन पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं.

"हे कशाला जोडलंस?"

"एजंट म्हणाला होता, सगळी सरकारी कागदपत्रं जोडा."

"पण तू तर तेव्हापासून कामाला आहेस. मग 'बेरोजगार' कसं चालेल?"

बयाबाई मध्ये पडल्या. "त्यो नाय गेला. मीच जायची शिक्का मारायला. नोकरी हाय म्हनून सांगितलं असतं तर नंबर गेला नसता का? नऊ वर्सांची शिनॅरिटी हाय ती."

यात बयाबाईंचं नवल नव्हतं. आळीतल्या निम्म्या घरांत असं एकेक कार्ड होतं. पोरगं कामाला लागलं तरी सरकारी बोलावणं येईल या आशेवर जपलेलं. बयाबाईंचं तर देव्हाऱ्यात, सप्तशृंगीच्या तसबिरीमागे असे, कोपऱ्याला कुंकू लावलेलं.

खंडेरावांनी शेखरला सायबर कॅफेत पाठवून कॅनडाची कामांची यादी छापून मागवली. "आणि निघालाच आहेस तर ऑस्ट्रेलियाचीही आण," म्हणाले. पुढचे चार दिवस ते भान हरपून वाचत बसले. कॅनडात जंगलात फासे लावून जनावरं धरणाऱ्याला वेगळा नंबर. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्याला. आपल्या जुन्या पोथीत माणूस कोणतं काम करतो एवढं बघून खण ठरवलेला. त्या दोघांकडे मात्र ते काम शिकायला किती वर्षं लागतात, हेही मोजलेलं. तिथे हेल्पर तळाच्या फळीवर आणि डायवाला चांगला वर. या दोन फळ्यांच्या मध्येच शेखरचं घोडं पेंड खात होतं.

"घर सांभाळणारीचा नंबर कितवा हो?" वत्सलाबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

खंडेरावांनी तिन्ही ठिकाणी पाहिलं. "नाही दिसत."

"म्हणजे तिन्ही देशांत मी बिनकामाची. बरं, चहा तरी घ्या."

गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. खंडेराव शेखरला पुन्हा पुन्हा विचारत, "तुझं पद काय?" आणि तो पुन्हा पुन्हा म्हणे, "हेल्पर." ऐकून ऐकून वत्सलाबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "अहो, पद काय विचारता? शेखर, सकाळी गेल्या गेल्या काय करतोस रे?"

"मशीनला नमस्कार करतो, काकू."

"मग?"

"मग ड्रॉइंग बघतो. पोलादाच्या ठोकळ्याला निळा रंग फासून त्यावर रेघा मारतो..." आणि शेखर जो सुटला, तो बयाबाई जेवायला बोलवायला येईपर्यंत थांबला नाही.

तीस वर्षांत खंडेरावांनी हजारो लोकांना नंबर दिले, पण सकाळी गेल्या गेल्या काय करतोस, हे एकालाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून वर्कशॉपवर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाचं काम बघायला निघाले होते. स्टीलच्या डब्याच्या झाकणाची डाय चालू होती. शेखरने वरचा भाग खालच्या भागात अलगद उतरवला, मध्ये पतंगाचा कागद सरकवला, कागद कुठे अडतो ते पाहिलं, केसभर घासलं, पुन्हा कागद सरकवला. असं अकरा वेळा. खंडेराव स्टुलावर बसून एकेक गोष्ट लिहून घेत होते.

मालक फकिराशेठ मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडे पदं दोनच. मी मालक, बाकी सगळे हेल्पर."

"आणि डाय बिघडली तर?"

"तर शेखर."

"मग तेवढंच लिहून द्या. पदाचं नाव नको. तो काय करतो, ते लिहा."

घरी येऊन खंडेरावांनी कॅनडाचा कागद आणि आपली पोथी शेजारी शेजारी उघडली. यादीपलीकडचं पोथीतलं एकेक कामाचं वर्णन त्यांनी तीस वर्षांत कधी धड वाचलं नव्हतं; नंबर मिळाला की ग्रंथ मिटायचा. आज बोट ठेवून वाचलं. ड्रॉइंग पाहणे, रेघा मारणे, घासून बसवणे, जोडून तपासणे. कॅनडाच्या कागदावर तेच. स्टुलावर बसून लिहिलेल्या त्यांच्या टिपणातही तेच, एक मशीनचा नमस्कार सोडला तर.

"हाई तं एकच शे," ते पुटपुटले. नामपूरची बोली त्यांच्या तोंडून फार आनंद झाला तरच निघे, म्हणून वत्सलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

उरलं ते कार्ड. बेरोजगार आणि कारागीर, दोन्ही एका वेळी होता येत नाही. कचेरीत जाऊन खरं सांगायचं, कार्ड रद्द करून घ्यायचं आणि तसा कागद फाईलला जोडायचा. बयाबाईंनी कार्ड पदराखाली धरलं.

"कॅनडाचं नाय जमलं तर? हेबी गेलं आन् तेबी गेलं."

"बयाबाई, ती रांग मीच लावलेली आहे. पुढे कोण किती सरकतं, मला ठाऊक आहे."

"मंग इतकी वर्सं बोलला का नाय?"

खंडेरावांनी चष्मा पुसला. "तुम्ही दर खेपेला पेढे घेऊन यायच्या. ते हातात असताना कसं सांगणार?"

बयाबाई हसल्या नाहीत. रात्रभर कार्ड देवीसमोर ठेवलं. सकाळी त्यावर फूल वाहिलं, मग ते फूल काढून घेतलं आणि कार्ड शेखरच्या हातात दिलं. "जा. खरं सांगून ये."

फाईल मुदतीच्या पाच दिवस आधी मुंबईला पोचली. दिवाळी गेली, मार्गशीर्षातले गुरुवार आले, तेव्हा जाडसर पाकीट आलं. आतल्या कागदावर शेखरचं नाव, कामाचं नाव आणि पुढे चार आकडे: ७२३२. खंडेरावांनी ते मोठ्याने वाचले. तिन्ही याद्या त्यांना आता पाठ होत्या, पण त्या चार आकड्यांवरून ते उगाचच दोनदा बोट फिरवत राहिले.

बयाबाईंनी कागद मागून घेतला, त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावलं आणि तसबिरीमागच्या रिकाम्या जागेत सरकवला. शेखर कासावीस झाला, "आये, तो विमानतळावर दाखवायचाय."

"तवर ऱ्हाऊ दे हितं," त्या म्हणाल्या आणि खंडेरावांकडे वळल्या. "भाऊ, याला शिक्का मारायला कधी जायचं?"