विमलची हलती बटणं

विमल गेल्याचं मला शोकसभेच्या पत्रिकेवरून कळलं. पत्रिकेत छापलं होतं, ‘शांत, मनमिळाऊ स्वभाव.’ मला रागच आला. मनमिळाऊ होती, कबूल. पण शांत? विमल?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रसायनीच्या एका कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती कडावची, भातशेती करणाऱ्या घरातली, आणि काम कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिण्याचं. टाक्यांचे व्हॉल्व्ह पडद्यावरच्या बटणांनी उघड-बंद व्हायचे, ही तेव्हा नवलाईच होती. एके दिवशी ऑपरेटर गणपतमामा तिच्यापाशी आले. “पोरी, शेडमंदी टाक्या एक, तीन, दोन अशा उभ्या हायेत. तुज्या पडद्यावर एक, दोन, तीन. काल भलतीच टाकी उघडनार होतो गं.”

ती त्यांच्याबरोबर जाऊन सगळ्या शेड बघून आली. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. मग तिनं ठरवलं, ऑपरेटरनंच माउसनं बटण उचलावं, ओढावं आणि हवं तिथं सोडावं. ऐकायला सोपं... पण ओढलेलं बटण मागे आपली छबी ठेवत जायचं, पडदाभर बटणंच बटणं. त्याहून वाईट म्हणजे, नुसतं दाबताना हात जरा हलला तरी बटण सरकायचं. महिनाभर ती त्याच्याशी भांडली. शेवटी तिनं मांडणी बदलायची वेगळी सोय केली. ती चालू असेपर्यंत बटणं फक्त हलायची, व्हॉल्व्हला हुकूमच जायचा नाही; बंद केली की बटणं जागची हलायची नाहीत.

साहेबांनी ते पाहिलं. “कामगारांनी बटणं दाबायची, हलवायची नाहीत. काढून टाका हे.”

“मग शेडमधल्या टाक्या नंबरानं लावून द्या, साहेब,” विमल म्हणाली. “लगेच काढते.”

तिची रवानगी स्टोअरमध्ये झाली. दुसऱ्या कुणीतरी जुना पडदा परत बसवला. तेव्हा गणपतमामा आणि पाळीतले सगळे ऑपरेटर खुर्च्या सोडून शेडमध्ये गेले आणि व्हॉल्व्हची चाकं हातानं फिरवू लागले. “आमाला विमलबाईचाच पडदा पायजे,” याच्यापुढं एक शब्द नाही. आठ दिवसांनी साहेब स्वतः स्टोअरच्या दारात येऊन उभे राहिले.

“येते,” विमल म्हणाली. “पण पुन्हा काढायला सांगाल, तर पुन्हा नाही म्हणेन.”

गेल्या रविवारी शोकसभेसाठी कडावला तिच्या घरी गेले. आत शिरताच टेबलाचा कोपरा गुडघ्याला लागला. तिचं टेबल, भर वाटेत, दारासमोर. तिची मुलगी म्हणाली, “मावशी, बाबा सांगून सांगून थकले. आई म्हणायची, इथं वारा येतो, मी इथंच बसणार.”

टेबल अजून तिथंच आहे. आम्ही सगळे वळसा घालून आत गेलो...