फडक्यातलं डोरलं

खामगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीवर लाकडावर रंगवलेली एक बत्तीशी टांगलेली असे. वरचे दात, खालचे दात, मध्ये लालभडक हिरड्या. शाळेत जाणारी पोरं ती पाहून तोंड मिटून पळायची. तिच्याखाली, आम्ही भाड्याने दिलेल्या त्या खोलीत, डॉक्टर लिऊ यांचं दुकान होतं. ते चीनमधून कलकत्त्याला आले, तिथून नागपूरला, आणि नागपूरहून आमच्याकडे. दात काढायचे आणि कवळ्या बसवायचे. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, जीभही तिखट होती, म्हणून गावातली माणसं मला 'बाई' म्हणत, तीही जरा लांबूनच.

पण हे डॉक्टरांबद्दल नाही, माझ्याबद्दल तर मुळीच नाही. हे सत्यभामाबाईंबद्दल आहे.

धामणगाव बढ्याच्या पुढे एक खेडं आहे. तिथली माणसं अजून आहेत, तेव्हा नाव लिहीत नाही. सत्यभामाबाईंचा एकुलता एक मुलगा मोतीराम. त्याला पंचफुला नावाची बायको करून आणली आणि दुसऱ्याच वर्षी तो कपाशीच्या पऱ्हाटीत साप चावून गेला. मूलबाळ नव्हतं. सासू-सून दोघीच शेत करत राहिल्या. एका ताटात जेवायच्या, असं पंचफुलाच मला सांगायची. पुढे तिचा भाऊ जानराव तिला खामगावला घेऊन आला. तरुण बाई किती दिवस अशी बसवायची, असं त्याचं म्हणणं. सत्यभामाबाईंनी तिला चार दिवसांसाठी म्हणून पाठवली. ती परत गेली नाही.

पंचफुला जिनिंगमध्ये रुईतला कचरा वेचायला जाऊ लागली. दाढ दुखली म्हणून डॉक्टरांकडे आली. दाढ निघाली, तरी ती येत राहिली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "तुझ्या तोंडात दात तरी किती आहेत गं?" ती तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर आत उगाच चिमटे घासत बसले होते.

विधवेचं दुसरं लग्न म्हणजे आमच्याकडे पाट. त्याला ना मांडव, ना वाजंत्री. दिवेलागणीनंतर चार पुरुष बसतात, एखादा जोशी चार शब्द म्हणतो, सवाष्णी तिथे थांबत नाहीत. त्याची कुठे नोंद होत नाही. पण त्याआधी एक गोष्ट करावीच लागते. पहिल्या नवऱ्याच्या घरचं डोरलं बाईने सासरी परत द्यायचं. सासरच्यांनी ते उघडून पाहिलं आणि ठेवून घेतलं, की बाई त्या घरातून मोकळी झाली.

पंचफुला ते द्यायला एकटी गेली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात डोरलं बांधलं, गाठ मारली आणि सासूच्या हातावर ठेवलं. सत्यभामाबाई उठल्या. फडकं घेऊन आत गेल्या आणि दार लावलं. पंचफुला बराच वेळ ओसरीवर बसून राहिली आणि मग पायी मोताळ्याच्या रस्त्याला लागली.

पाट जानरावच्या अंगणात लागला. जातीतलं वडीलधारं माणूस म्हणून किसनराव बसले. चिन्याशी पाट कसा लावायचा, म्हणून आधी त्यांनी फार आढेवेढे घेतले. मग डॉक्टरांनी त्यांना कवळी बसवून दिली, आणि किसनरावांना त्यात काही गैर दिसेनासं झालं.

संसार चांगला झाला, हे मी शेजारची म्हणून सांगते. डॉक्टर ज्वारीची भाकरी खायला शिकले, पंचफुला भात मोकळा न शिजवता चिकट शिजवायला शिकली. भांडणं झाली ती मिरचीवरून. मूल झालं नाही. त्याचं दोघांना वाईट वाटे, पण त्याचा दोष कोणी कोणाला दिला नाही.

मग बासष्टची चीनशी लढाई झाली. ज्यांच्या तोंडात डॉक्टरांचे दात होते तेही रस्ता बदलून जाऊ लागले. कोणीतरी बत्तीशीवर शेण फेकलं. मी ती भर रस्त्यात बादली घेऊन धुतली आणि पुन्हा टांगली. मला हटकायला कोणी पुढे आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. काही दिवसांनी पोलीस आले आणि डॉक्टरांना घेऊन गेले. अदबीने नेलं, ते खोटं कशाला बोलू? डॉक्टर राजस्थानातल्या छावणीत आहेत, एवढंच कळलं.

पंचफुला दुकान रोज झाडायची आणि चिमटे पुसून ठेवायची. उन्हाळ्यात खबर आली की छावणीतल्या चिनी माणसांना मद्रासहून जहाजाने त्यांच्या देशात पाठवणार. डॉक्टरांचं नाव त्यात होतं. बायकोला बरोबर जाता येईल, पण ती बायको आहे हे सिद्ध झालं पाहिजे. चिनी नागरिकाची पत्नी म्हणून त्याच्यासोबत कायम राहण्याची परवानगी मागायची होती, आणि तिकडच्या लोकांनाही तोच दाखला दाखवायचा होता. जहाज चुकलं तर पुन्हा भेट होईल असं कोणीही सांगू शकत नव्हतं.

अर्ज मीच लिहिला. लिहिण्याआधी तिला नीट बसवून विचारलं, "अगं, तिथे तुझं कोण आहे? बोलशील कोणाशी? भाषा येते का तुला?"

ती म्हणाली, "बाई, थे इथं आले तवा त्यायले कोन्ती भाषा येत होती? मी शिकवली. आता थे मले शिकवतीन."

मी दौत पुढे ओढली.

बुलढाण्याच्या जिल्हा कचेरीतून उत्तर आलं. लग्नाची नोंद नसेल तर लग्नाला हजर असलेल्याचा जबाब हवा, आणि पहिल्या नवऱ्याच्या घरच्यांचाही. जानराव कावीळ होऊन वारला होता. मंत्र म्हणणारा जोशी कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हतं. मी पाटाला नव्हते, मला कोणी बोलावलंच नव्हतं. उरले किसनराव.

किसनराव ओट्यावर सुपारी कातरत होते. म्हणाले, "कोन्ता पाट? मी तं तवा शेगावले होतो."

"कधी होतात शेगावला?"

"तुमी म्हनता तवाच."

त्यांचा मोठा मुलगा नुकताच सरकारी नोकरीत लागला होता, आणि चिन्याच्या लग्नात बसलेला बाप त्याला परवडणारा नव्हता. ते मला कळत होतं, तरी राग यायचा तो आलाच. बोलताना त्यांची कवळी सैल होऊन खडखड वाजत होती. ती घट्ट करणारा माणूस गावात नव्हता. मी तसं त्यांना सांगितलं आणि उठले.

आता सगळं सत्यभामाबाईंवर आलं. पंचफुला म्हणाली, "मी कोन्त्या तोंडानं जाऊ त्यायच्या दारात?" म्हणून मी गेले. बाई अंगणात तूर पाखडत होत्या. अंगाने वाळलेल्या, तोंडात एकही दात नाही. डॉक्टरांनी कवळी करून देतो म्हणून निरोप धाडला होता, तो त्यांनी तसाच परत पाठवला होता. मी सगळं सांगितलं. त्यांचं सूप थांबलं नाही.

"माही सून हाये थे," त्या म्हणाल्या. "भावाघरी राह्यले गेली हाये."

"इतकी वर्षं?"

"राह्यतेत बाया माहेरी."

"अहो, तिने डोरलं परत केलं ना तुम्हाला?"

"ठेवलं हाये. पन मी घेतलं नाही."

मी चिडून उठले. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. घरी येऊन पंचफुलेला हे सांगितलं. म्हातारी हट्टी आहे, असं मी म्हटलं. ती उठून चिमटे पुसायला गेली.

सुनावणीच्या दिवशी आम्ही दोघी बोथ्याच्या घाटातून बसने बुलढाण्याला गेलो. बोलावणं सत्यभामाबाईंनाही गेलं होतं; त्या कचेरीच्या पायरीवर आधीच बसल्या होत्या. पंचफुला पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

साहेब मध्यम वयाचे होते, आवाज न चढवणारे. कारकून लिहून घेत होता.

"तुम्ही हिच्या कोण?"

"सासू."

"हिने डॉक्टर लिऊ यांच्याशी पाट लावला, हे तुम्हाला माहीत आहे?"

"पाट लागला नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "थे माह्या घरची हाये. तिले माह्यासंग धाडून द्या, साहेब."

मी ताडकन उठले. साहेबांनी मला हाताने खाली बसवलं आणि पंचफुलेकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मला वाटलं, आता ही रडेल, भांडेल, म्हातारी खोटं बोलते म्हणून सांगेल. तो तिचा हक्कच होता.

पंचफुला म्हणाली, "आत्याबाई खोटं नाही बोलत. मी डोरलं देल्लं, पन त्यायनं घेतलं नाही. त्यायनं मोकळं केलं नाही तं मी मोकळी कशी?"

"मग अर्ज मागे घ्यायचा?"

"अर्ज राहू द्या. पन आत्याबाई म्हनतीन तसं."

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळं आयुष्य त्या म्हातारीच्या हातात देऊन ही खाली मान घालून उभी! सत्यभामाबाई तिच्याकडे बघत होत्या. दार लावून घेतलं त्या दिवसानंतर त्यांनी तिला असं समोरासमोर पाहिलंच नव्हतं.

"थो मारते का तुले?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जेवाले कोन वाढते?"

"मीच वाढते. कदी कदी थे वाढतेत."

"थो वाढते? तुले?"

"हाव."

"माह्या मोतीरामनं कदी वाढलं नाही," त्या म्हणाल्या. "पोरगा चांगला होता. पन वाढलं नाही."

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक फडकं काढलं. पिवळं पडलेलं, घड्यांवर विरलेलं. गाठ मात्र तशीच होती. पंचफुलेने मारलेली गाठ त्यांनी इतकी वर्षं सोडलीच नव्हती. 'मी घेतलं नाही' म्हणजे काय, हे मला त्या क्षणी समजलं. गाठ होती तोवर सून माहेरी गेलेली होती, एवढंच.

त्या गाठ सोडू लागल्या. पण गाठ सुटेना. "दात असते तं सुटली असती," त्या पुटपुटल्या. पंचफुलेचा हात नकळत पुढे आला.

"तू नोको लावू हात. हे माहं काम हाये."

कारकूनही लेखणी खाली ठेवून बघत राहिला. शेवटी गाठ सुटली. काळ्या मण्यांच्या सरात ओवलेलं एवढंसं डोरलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, दोन्ही वाट्या बोटांनी चाचपून पाहिल्या.

"हाये बराबर," त्या म्हणाल्या. "घेतलं."

साहेबांनी हळूच विचारलं, "म्हणजे पाट लागला?"

"आता लागला."

साहेबांनी एकदा डोरल्याकडे पाहिलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा, पाट लागला होता, साक्षीदारास मान्य आहे." कारकुनाने लिहिलं आणि वाचून दाखवलं. नातं सासू, असं त्याने वाचलं तेव्हा सत्यभामाबाईंनी हात वर केला.

"थे खोडा."

"मग काय लिहू?"

"कोनी नाही. लिहा, कोनी नाही."

पंचफुला तोंडात पदर कोंबून रडू लागली. मीही रडले, आणि मला रडताना कचेरीतल्या चार माणसांनी पाहिलं याची मला आजही लाज वाटत नाही. सत्यभामाबाईंनी अंगठा दिला, बोटाची शाई त्याच फडक्याला पुसली, डोरलं पिशवीत घातलं आणि राजूर घाटाकडच्या बसला चालत गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

परवानगी वेळेत आली. पंचफुलेला मी जलंब स्टेशनपर्यंत पोचवलं. तिच्या ट्रंकेत दोन लुगडी, डॉक्टरांचे चिमटे आणि तिखटाचा डबा होता. मी म्हटलं, भांडण बरोबरच घेऊन चाललीस. ती हसली. गाडी हलल्यावर मात्र ती खिडकीतून माझा हात सोडेना. मद्रासहून तिचं एक पत्र आलं, तिथल्या कोणाकडून लिहून घेतलेलं. दोघं भेटली होती, दुसऱ्या दिवशी जहाजात चढणार होती. त्यानंतर काही आलं नाही.

बत्तीशी मी काढली नाही. पावसाळ्यानंतर एका बाजाराच्या दिवशी शाळेतून आले तर तिच्याखाली पायरीवर सत्यभामाबाई बसलेल्या. तुरीच्या डाळीचं गाठोडं मांडीवर होतं.

"काही खबर?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेला कधी लगाम नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही तर 'कोणी नाही' म्हणून अंगठा दिलात."

"हाव. कोनी नाही," त्या म्हणाल्या. "पन बाई, कोनी नाही तं इचारू बी नये का?"

मद्रासच्या त्या एका पत्रापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. मी त्यांना आत घेतलं आणि चहा टाकला. पुढच्या बाजारालाही त्या आल्या, आणि त्याच्या पुढच्याही.