दादांनी बाकावर धरलेला ठेका

कळंबच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या पदराला भाजलेल्या शेंगा बांधल्या. "सुमे, नर्स व्हायला चाललीस, तेवढंच शीक. दुसऱ्या नादाला लागू नको," म्हणाली. आमचे वडील, दादा, शाळामास्तर. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकवलं, पुढं मराठीतून. गाडी हलली तेव्हा "जपून राहा" एवढंच बोलले.

कळंबच्या बायांनो, तुम्ही अजून विचारता, सुमी गाण्यात कशी पडली? सिकंदराबादेत नर्सिंगच्या होस्टेलात माझ्या खोलीत ग्रेस होती. तिचा भाऊ रॉबर्ट विजेची गिटार वाजवायचा, त्याचा दोस्त युसूफ ड्रम. रविवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये त्यांची तालीम असे. मी ऐकायला म्हणून गेले आणि गायला लागले.

त्या शहरात एका गल्लीत कव्वाली, दुसरीत लग्नाचा बँड, इराण्याच्या हॉटेलात रेडिओ. हे सगळं एका गाण्यात आणायचं रॉबर्टनं मनावर घेतलं होतं. युसूफनं दखनीत, म्हणजे तिथल्या बोलीच्या उर्दूत, बोल लिहिले. एक कंपनी रेकॉर्ड काढायला तयार झाली. पण गाणं काही उभं राहीना. दहादा म्हटलं तरी उसनं वाटायचं.

अशात कुणीतरी गावाकडं कळवलं, मास्तरांची पोरगी पोरांच्या बँडमध्ये गाते. एका रविवारी दादा न सांगता थेट हॉलच्या दारात उभे. गिटार थांबली.

"सामान बांध. लई झालं."

मी म्हटलं, "दादा, एकदा ऐका. मग म्हणाल तिथं येते."

ते टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसले. मी गायले. आवाज कापत होता. संपल्यावर युसूफनं भीत भीत विचारलं, "चाचा, कैसा लगा?"

कैक वर्षांनी मी दादांच्या तोंडून उर्दू ऐकली. "बेटे, गाना तो इस शहर का है, मगर चाल परदेसी है."

दादांचं बालपण तुळजापूरचं, गोंधळ्यांच्या शेजारात गेलेलं. त्यांनी दोन्ही हातांनी बाकावर संबळाचा ठेका धरला. आधी हळू, मग चढता. युसूफनं तो ड्रमवर उचलला, रॉबर्टची गिटार मागून आली. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि या खेपेला आवाज कापला न्हाय.

संध्याकाळी दादा स्टेशनकडं निघाले तेव्हा मी विचारलं, "सामान बांधू का?"

"राहू दे," दादा म्हणाले. "परीक्षा चुकवू नको. आन् गाणंबी."

रेकॉर्ड निघाली. फार नाव झालं असं न्हाय, पण हैदराबादच्या हॉटेलांत ती वर्षभर वाजली. कळंबच्या कापडदुकानात फोनो होता. तिथं दादांनी ती लावायला लावली. आई मागं उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आवाज आपल्या सुमीचाच हाय. तब्येत बरी दिसती."

पुढं बँड मोडला. रॉबर्ट परदेशी गेला, युसूफनं वडिलांचं दुकान धरलं. मी नर्स झाले, इथं हैदराबादेतच लग्न करून राहिले. माझी मुलं खेळतात तेलुगूत, भांडतात मराठीत. इथं असले की मी "आमच्या कळंबला" म्हणते आणि तिकडं आले की "आमच्या हैदराबादेत". तुम्ही हसता. आधी मलाही लाजल्यासारखं व्हायचं, आता न्हाय होत.

एकदा या सगळ्याजणी. पहिल्या दिवशी पाहुणचार करीन. दुसऱ्या दिवशी मात्र भाजी तुम्हीच निवडायची. आपल्या घरात कुणी पाहुणं राहत न्हाय.