व्याह्यांची मोडलेली पलटण आणि हफर अल-बातिनचा रस्ता

माझी मुलगी रेवती थुवालला विद्यापीठात शिकवते. जावई ल्यूक फ्रेंच, तांबड्या समुद्रातल्या पोवळ्यांवर संशोधन करतो. जानेवारीत मी फॅमिली व्हिजिट व्हिसावर त्यांच्याकडे गेले, ती नुसती समुद्राकाठी बसून राहायचं ठरवूनच. आठवडाभरातच ल्यूकच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा, फ्रान्सहून फोन आला. फेब्रुवारीत येतो म्हणाले.

"मला उत्तरेच्या वाळवंटात जायचंय. रेवती गाडी चालवेल. विहीणबाई येतील का सोबत? त्यांचं फ्रेंच ऐकलं की मला माझ्या आजीची आठवण येते."

हा टोमणा होता, हे मला कळलं. माझं फ्रेंच पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेलं, पन्नास वर्षांपूर्वीचं. त्यात एकही चूक नसते आणि असं आता कुणी बोलतही नाही! मी लगेच हो म्हटलं.

व्याह्यांचं नाव गिलबेर. तरुणपणी ते फ्रान्सच्या मरीन इन्फंट्रीच्या एका रेजिमेंटमध्ये सार्जंट होते. नव्वद साली कुवेतच्या युद्धासाठी ही पलटण सौदीत आली आणि काही वर्षांनी सरकारने ती मोडली. पलटण मोडतात कशी, हे त्यांनीच मला सांगितलं. सगळे जवान मैदानात रांगेत उभे राहतात. झेंडा काठीभोवती गुंडाळतात, त्यावर खोळ चढवतात आणि तो संग्रहालयाकडे जातो. मग जो तो आपली बॅग उचलतो.

जुन्या जवानांनी एक मंडळ मात्र काढलं होतं, वर्षातून एकदा एकत्र जेवण्यापुरतं. गिलबेर त्याचे अध्यक्ष. आता माणसं कमी होत चालली होती. मे महिन्याच्या सभेत मंडळ बंद करायचं की नाही, यावर मतदान होणार होतं. "अध्यक्षाचं मत काय, हे सगळे विचारणार," ते म्हणाले. "ते ठरवण्याआधी मला आमचा तळ होता ती जागा एकदा बघायचीय."

पहिला दिवस: थुवाल ते यान्बू

सकाळी निघालो. हा रस्ता उत्तम आहे, डावीकडे मधूनमधून समुद्र दिसतो. पेट्रोल आपल्या मानाने फारच स्वस्त, लिटरला दोन-अडीच रियाल. पंपावरच्या स्वच्छतागृहांचं मात्र नशिबावर आहे, साबण आणि टिश्यू पेपर जवळ ठेवा. परदेशी बायकांना अबाया सक्तीचा नाही. मी सलवार-कुर्ता आणि ओढणी घेऊन सगळीकडे फिरले, कुणी वाकडा शब्द बोललं नाही.

गाडीत मी बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला. मी विचारलं, "वाळवंटात लढणाऱ्या सैनिकांना 'मरीन' का म्हणायचं?"

गिलबेर यांनी अर्धा लाडू तोंडात ठेवूनच इतिहास सुरू केला. शतकांपूर्वी राजाच्या जहाजांवर हे सैनिक असत. नंतर जहाजातून उतरून दूरदेशी लढायला जाऊ लागले. आता बहुतेक आयुष्य जमिनीवरच जातं, पण टोपीवर सोनेरी नांगर अजून आहे, जहाजाचा. खलाशी त्यांना चिडवायचे, जहाजामागे खरकट्यासाठी पोहत येणाऱ्या शिंशुमारांसारखे, म्हणजे छोट्या डॉल्फिनसारखे, आयतोबा म्हणून. तेच टोपणनाव त्यांनी अभिमानाने घेतलं.

"आणि दूरदेशी म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"आई," रेवती आरशातून माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "व्याह्यांशी भांडायला आलीयस का?"

"विचारू नको का? आपणही दुसऱ्यांच्या राज्यात राहिलेले लोक आहोत."

गिलबेर यांना शब्द कळले नसावेत, पण सूर कळला. "आफ्रिका, इंडोचायना," ते म्हणाले. "विहीणबाई, त्यात अभिमानाने सांगण्यासारखं सगळं नाही. आमच्या पलटणीच्या इतिहासातली काही पानं मी ल्यूकला लहानपणी वाचून दाखवली नाहीत. मोठा झाल्यावर दाखवली." मला हे उत्तर आवडलं. मी त्यांना दुसरा लाडू दिला.

यान्बूला बंदराजवळच्या जुन्या भागात नक्षीदार लाकडी सज्ज्यांची घरं नीट केली आहेत, संध्याकाळी जरूर फिरा. आम्ही मासे आणि भाताचं सयादिया खाल्लं. कांदा चांगला खरपूस परतलेला, भात तपकिरी, सोबत चिंचेची चटणी. आमचे हे असते तर दोनदा भात घेतला असता, पण ते गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुण्यातच होते. गिलबेर बराच वेळ बंदराच्या क्रेनकडे बघत होते. याच बंदरात त्यांचं जहाज लागलं होतं. "उतरलो तेव्हा मी तिशीचा होतो," एवढंच ते म्हणाले.

दुसरा दिवस: आतल्या प्रदेशात

हा दिवस लांबचा आहे, चालक दोन असतील तर बरं. मदिनेजवळ पाट्या नीट बघा आणि मुस्लिम नसाल तर बाहेरच्या वळणरस्त्याने पुढे जा. मग काळे खडकाळ डोंगर मागे पडतात आणि अल-कसीमच्या खजुराच्या बागा सुरू होतात. बुरैदाला मुक्काम केला. साध्या, स्वच्छ हॉटेलात खोलीला दोनशे रियालच्या आसपास पडले. खजूर इथेच घ्या, जेद्दाच्या विमानतळावर नको. दुकानदार चव बघायला इतके खजूर हातावर ठेवतो की जेवणाची गरज राहत नाही.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, रस्त्यावर उंट येतात. हे मी पुस्तकी सांगत नाही. रेवतीने कचकन ब्रेक लावला तेव्हा समोरचा उंट आमच्याकडे असा बघत होता, जणू चूक आमचीच.

तिसरा दिवस: हफर अल-बातिन

दुपारच्या आधीच शहराबाहेर पोचलो. यंदा हिवाळ्यात पाऊस बरा झाला होता, त्यामुळे मुरमाड मैदानावर हिरवी लव आली होती. लांब लांब तंबू ठोकून सौदी कुटुंबं सहलीला आली होती, बायका-मुलं खाली वाकून जमिनीतली भूछत्रं शोधत होती. या भूछत्रांना इथे फगा म्हणतात आणि ती सोन्याच्या भावाने विकली जातात. या भागात लष्करी हद्दी आहेत. पाटी दिसली की कॅमेरा आत ठेवा आणि रस्ता सोडू नका.

गिलबेर यांनी सांगितलेल्या जागी रेवतीने गाडी थांबवली. ते उतरले, चालत गेले, थांबले, परत आले, दुसरीकडे गेले. सगळीकडे तेच मैदान. विजेचे नवे मनोरे आणि शेतीची गोल हिरवी वर्तुळं तेवढी वेगळी.

"इथे होता?" मी विचारलं.

"इथे असेल. तिथेही असेल." त्यांनी बुटाने मुरूम उकरला. "हजारो माणसं राहत होती हो इथे. स्वयंपाकघर होतं, दवाखाना होता. मला वाटलं होतं, निदान जमीन तरी ओळखेल." मग गाडीत बसता बसता ते म्हणाले, "ठीक आहे. मत द्यायला सोपं झालं. बंद करू."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आमची शाळाही बंद झालीय. सिस्टर गेल्या, तिथे आता कसली तरी कचेरी आहे. पण आम्ही मुली भेटतोच की."

"तुम्ही मुली किती जणी येता?"

"चाळीस तरी."

"आम्ही अकरा," ते म्हणाले.

भूक लागली होती. शहरात बसस्टँडजवळ एका भारतीय हॉटेलात शिरलो. गल्ल्यावर साठीकडे झुकलेले, बारीक अंगाचे एक गृहस्थ फोनवर बोलत होते. "अगो, गॅसवाल्याला सांग, रविवारी ये. मी काय हितून उडत येऊ?" माझे कान टवकारले.

"कुठले हो तुम्ही?" मी मराठीतच विचारलं.

त्यांनी फोन छातीशी धरला. "दापोलीकडचा. हसन. ताई, तुम्ही पुण्याच्या ना? पुण्याची माणसं 'हो' असं लांबवतात." आणि न विचारता आमच्यासमोर सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या आल्या. मेनूकार्डावर त्यातलं काहीच नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं जेवण होतं.

हसनभाईंनी गिलबेर यांच्याकडे बघून विचारलं, "हे गोरे साहेब कोण?"

"माझे व्याही. फ्रान्सचे. नव्वद साली इथे सैन्यात होते."

"फ्रान्सवाले? टोपीवर नांगरवाले?" हसनभाई खुर्ची ओढून बसलेच. "तेव्हा मी गोड्या पाण्याचा टँकर चालवायचो. त्यांच्या तळावर रोज जायचो. मी पहिल्या दिवशीच हसलो होतो, समुद्र कुठे आणि नांगर कुठे! पण ताई, यांच्याशी माझं एकदा जबरदस्त भांडण झालं होतं."

"कशावरून?"

"संध्याकाळी ते लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळायचे. धूळ उडते म्हणून माझं पिण्याचं पाणी जमिनीवर शिंपडत होते. पिण्याचं! माझं डोकंच फिरलं."

मी हे फ्रेंचमध्ये सांगायला लागले. अर्ध्यावरच गिलबेर यांनी भाकरी खाली ठेवली. ते एकदम उभे राहिले, चमचा उचलला आणि पाण्याच्या स्टीलच्या जगावर ठणाठणा मारत ओरडले, "खलास! खलास! यल्ला!"

सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. रेवतीने तोंडावर ओढणी धरली.

गिलबेर धाप टाकत सांगू लागले. मंडळाच्या जेवणात दरवर्षी शेवटचा जग रिकामा झाला की सगळे चमचे वाजवतात आणि 'संपलं, चला!' असे हे अरबी शब्द ओरडतात. पाणी शिंपडलं म्हणून चिडून टँकरवर पाना आपटणाऱ्या एका माणसाची ती आठवण. "सहा फूट उंच होता. अरब. भलीमोठी दाढी. हातात एवढा पाना!"

मी मराठीत सांगितलं. हसनभाई आपल्या अंगाकडे बघून म्हणाले, "सहा फूट? ताई, मी तेव्हा पंचावन्न किलोचा होतो. दाढी उगवायची होती. आणि पाना नव्हता, पायातली चप्पल होती."

"त्यांना विचारा," गिलबेर घाईने म्हणाले, "असे पाणीवाले पुष्कळ होते. भांडण झाल्यावर त्या माणसाने काय केलं?"

"काय करणार? टँकर सुरू केला आणि निघालो. पाइप काढायचाच राहिला. सगळ्या तळातून तो मागे फरफटत आला. रस्त्यात फाटला, कफीलने, म्हणजे मालकाने, मला ज्या शिव्या घातल्या त्या तुमच्यासमोर नाही सांगत."

हे भाषांतर करताना मला हसू आवरेना. गिलबेर मात्र हसत नव्हते. ते टेबलाला वळसा घालून गेले आणि हसनभाईंचे दोन्ही हात हातात धरून उभे राहिले. "पाइप! तोच हा माणूस," ते म्हणाले.

"साहेबांना म्हणावं बसा," हसनभाई बावरून म्हणाले. "कालवण गार होतंय."

मग दोन तास दोघं भांडले. पाणी कुणी शिंपडलं, कोणत्या दिवशी, भांडणात मध्ये पडलेला साहेब जाड होता की बारीक. मी मध्ये बसून भाषांतर करत होते आणि माझा चहा दोनदा थंड झाला. हसनभाईंनाही तळाची नेमकी जागा सांगता आली नाही. "अंदाजे तिकडे," त्यांनी हात केला, आणि तो हात आम्ही सकाळी गेलो त्याच्या उलट दिशेला होता! गिलबेर यांनी त्या दिशेला मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

बिल घ्यायला हसनभाई तयार झाले नाहीत. मी लाडवांचा उरलेला डबा त्यांच्याकडेच ठेवला.

परतीचा रस्ता

परत त्याच वाटेने आलो. बुरैदाच्या पुढे गिलबेर म्हणाले, "आमचा नियम आहे. ज्याचं नाव पलटणीच्या हजेरीपटावर होतं, तोच सभासद."

"मग हसनभाईंचं नाव तिथे नसणार," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "पुण्याला रेवतीच्या लग्नात शेवटची पंगत बसली होती, आठवतं? आचारी आणि वाढपी जेवायला बसले होते आणि तुमचे यजमान स्वतः त्यांना वाढत होते. मी ल्यूकला विचारलं, हे कोणत्या बाजूचे पाहुणे? तो म्हणाला, हे लग्नाचे."

मलाही ती पंगत दिसत होती. आमच्या यांचा सदरा घामाने भिजला होता आणि हातात जिलबीचं ताट होतं.

घरी

मार्चमध्ये मी पुण्याला परतले. खजूर वाटून झाले, फोटो दाखवून झाले. "परक्याच्या मोडक्या पलटणीचं तुला काय एवढं?" असं यांनी विचारलं. पण मे महिना लागल्यावर सभा कधी आहे, हे तेच रोज विचारू लागले.

सभेच्या संध्याकाळी गिलबेर यांचा व्हिडिओ कॉल आला. रेवतीने हसनभाईंनाही जोडून घेतलं होतं. मंडळ राहणार होतं. नियमही बदलला होता. जो पलटणीसोबत होता, तो मंडळाचा. फ्रान्समधल्याच एका जुन्या नर्सबाईंचं आणि एका पाववाल्याचं नाव तिथल्या तिथे सुचवलं गेलं होतं. आणि हसनभाईंना रीतसर विचारणा होती.

मी ती मराठीत सांगितली. पलीकडे हॉटेलातला गलका ऐकू येत होता.

"ताई," हसनभाई म्हणाले, "यंदा मी इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपवून कायमचा गावी चाललोय. मला ना फ्रेंच येत, ना बंदूक. सभासद म्हणजे करायचं काय, ते विचारा आधी."

मी विचारलं. गिलबेर यांनी मागे वळून कुणाशी तरी सल्लामसलत केली. हशा झाला.

"सांगा त्यांना," ते म्हणाले, "वर्षातून एकदा सगळ्यांबरोबर जेवायचं. येता आलं नाही तर फोनवरून. आणि दुसरं कुणी गोष्ट सांगायला लागलं की त्याच्या चुका काढायच्या."

मी सांगितलं.

"हां," हसनभाई म्हणाले, "ते जमेल."