मालकिणीच्या चहातलं दूध

कॉलेजात एक पाहुणे ब्लॉगबद्दल सांगायला आले होते. आठवड्याचा एक वार ठरवा, परिच्छेद छोटे ठेवा, शीर्षकात चिमटा हवा, लिंक प्रत्येक ग्रुपवर टाका, लाजू नका. मी सगळं वहीत उतरवलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. माइकवरून कुणी काही सांगितलं की मला ते खरंच वाटायचं.

माझा ब्लॉग तेव्हा कुणी वाचत नव्हतं. मी गुरुवार ठरवला. कॉलेज सुटल्यावर कळंबहून गावाकडं येताना एसटीत मोबाइलवर लिहायचे. त्या आठवड्यात आईच्या टोळीवर लिहिलं.

आई दहाबारा बायकांबरोबर खुरपायला जाते. सुट्टीत मीही जाते. दुपारी कडुलिंबाखाली भाकरी सोडल्या की शेतमालकांच्या नकला होतात, आणि तिथलं बोलणं बांधाबाहेर जात नाही. हा नियम कुणी सांगत नाही, पण सगळ्या पाळतात. मलाही तो माहीत होता. तरी मी लिहिलं. शेजारची काकी मालकिणीची नक्कल करत म्हणाली होती, "बाई चहात दूध असं टाकती, जसं डोळ्यात औषिद!" हसून हसून आईला ठसका लागला होता.

काकीचं नाव मी घातलं नाही. एवढ्यानं भागेल असं वाटलं. शीर्षक दिलं, 'मालकिणीच्या चहात दुधाचे थेंब किती?' आणि लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर मालकिणीचा मुलगा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावानं वाचलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गिरणीवर कुणीतरी वाचून दाखवलं. अशी नक्कल गावात एकाच बाईला जमते. सकाळी मालकिणीचा निरोप आला, टोळी येऊ दे, ती एक बाई नको.

काकी आमच्या दारात आली. "पोरी, तुला कालिजात ह्येच शिकिवलं का? माझं त्वांड माझ्या भाकरीपाशी उघडलं होतं गं. तुझ्या मोबाइलपाशी न्हाय."

आई खाली बघत होती. मी पोस्ट काढून टाकली, पण त्या पोस्टचे फोटो लोकांच्या मोबाइलात होतेच. मालकिणीकडं गेले. चूक माझी आहे, काकीला कामावर घ्या, म्हणाले. तिनं ओट्यावर उभं राहूनच सांगितलं, "तुम्ही शिकलेली माणसं. लिहा अजून."

त्या पाहुण्यांना मी सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "छान! वाचक मिळाले ना? आता दुसरा भाग टाका." मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. ज्या माणसाला आपल्या बोलण्याची किंमत कधी काम गमावून मोजावी लागली नाही, तो लाजू नका म्हणतो! आमच्याकडं लाज हेच कुंपण असतं, साहेब. ते तुम्ही मला काढायला लावलंत. आणि मी काढलं, याचा राग त्याहून जास्त आहे. तुम्हाला नियम माहीत नव्हता, मला होता.

आता काकी वडापच्या जीपनं लांबच्या गावाला खुरपायला जाते. आमच्या आधी निघते, आमच्यानंतर येते. माझ्याशी बोलत नाही.

ब्लॉग मी बंद केलेला नाही. कुणी विचारलं तर वार ठरवा, परिच्छेद छोटे ठेवा, हे मीही सांगते. पण ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी वाचून दाखवा, हे पहिलं सांगते. त्या वहीत ते कुठंच नव्हतं.

मागच्या रविवारी टोळीबरोबर गेले. दुपारी भाकरी सोडल्या. एकीनं काहीतरी सुरू केलं, माझ्याकडं पाहिलं आणि कांदा फोडू लागली.

"तू जरा तिकडं बस गं," आई हळूच म्हणाली.

मी भाकरी घेऊन उन्हात बांधावर जाऊन बसले. थोड्या वेळानं मागून हसू आलं, आईचं सगळ्यात मोठं. मी वळून पाहिलं नाही.